पाळी

आमच्या ताम्पेरेत माणसं बसस्टॉपवरसुद्धा
दोन हात अंतर राखून उभी राहतात.
आज एका अनोळखी दाढीवाल्याचा घाम
माझ्या खांद्यावर सुकतोय
आणि कोणी कोणाची माफी मागत नाही.

गिटार खरवडली
तेव्हा कानाआधी दाताला कळलं,
परवाच भरलेली दाढ झणझणली.
ड्रमवरचा इल्मो म्हणे दिवसा टपाल वाटतो;
आता पत्ता न बघता
प्रत्येकाच्या बरगडीत टाकत सुटलाय.

सव्वीस वर्षांनी एकत्र आलेत.
गायकाला टक्कल पडलंय, वरचा सूर तो टाळतो.
तो आम्ही लावतो, त्याच्या वतीनं,
बेसूर.

पावणेबाराला निघावं लागलं. बेकरी.
कोट घ्यायच्या खिडकीशी पोचले
आणि आत ते गाणं सुरू झालं.

ते.

बाहेर बर्फात, सायकलचं कुलूप हातात,
मी भिंतीला पाठ लावली.
शब्द नाहीत, गिटार नाही, नुसता बास
विटांतून पाठीत येणारा.
तेवढ्यावर अख्खं गाणं म्हटलं,
ओठ न हलवता.

पहाटे राईचं पीठ मळताना
सिर्कानं काहीतरी विचारलं.
कानात अजून शिट्टी. मी म्हटलं, हो.

मीठ बहुतेक दोनदा पडलं.