ओढायचा नाही

मांजरीचं नाव कांडी,
सापडलीच कांड्यांच्या टोपलीत,
डोळ्यांत चिपडं, अंगभर सुताचा भुगा.
कुत्र्याचं नाव धोटा.
दारातून मोरीपर्यंत, मोरीतून दारापर्यंत
ज्यानं त्याला एकदा पाहिलं
तो का म्हणून विचारत नाही.

साखर पेठेच्या मागं दीड खोली.
अर्धीत टॉवेलचा माग,
उरलेल्या एकीत आम्ही पाच:
मी, नरसूबाई, लावण्या आणि हे दोघं.

मे महिना. पत्रा तव्यासारखा.
धोटा ओल्या पोत्यावर पोट टेकून,
जीभ वीतभर बाहेर.
नळ पाचव्या दिवशी. नरसूबाई हंडे मोजते,
पण त्या आधी जर्मनच्या दोन वाट्या भरते.
चिलवेरीची बायको म्हणाली, इथं माणसांना नाही पाणी.
ही म्हणाली, माणूस तुझ्या दारात येऊन मागतो तरी.

त्या मंगळवारी कांडी जेवली नाही.
बुधवारी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे.
ओकली, नुसता फेस.
लावण्यानं जबडा उघडला तर
जिभेच्या मुळाशी
जांभळा दोरा.

माझी बोटं गेली.
जाणारच.
एकतीस वर्षं टोक दिसलं की धरायचं,
ओढायचं, गाठ मारायची,
माग थांबता कामा नये.
ह्या बोटांना दुसरं काय येतं?
लावण्यानं मनगट धरलं.
"नान्ना, वद्दू!"
एरवी मराठीत बोलते पोरगी.
घाबरली की तेलुगू.

रिक्षावाला जनावर नको म्हणाला.
मी टॉवेल उघडून दाखवला,
डागाचा पीस, त्यात एवढंसं तोंड.
तो काही न बोलता सरकून बसला.
धोट्याला आत कोंडलं होतं,
त्याचं रडणं चौकापर्यंत ऐकू आलं.

बिराजदार डॉक्टरांनी आधी हेच विचारलं:
"ओढला का?"
नाही.
"ओढायचा नाही. कधीच.
पायजम्याची नाडी ओढली की कापड गोळा होतं ना,
तसं आतडं गोळा होतं दोऱ्यावर.
आणि मग दोरा कापत जातो."
सूत कापतं, हे मला कुणी सांगायचं?
मी पेरांवरचे चरे मुठीत झाकले.

दोन तास.
स्टीलच्या ताटलीत दीड हात सूत,
दोन पदरी, आमच्याच बीमचं.
डॉक्टरांनी पाणी ओतलं.
रंग पक्का निघाला, असं मनात आलं माझ्या.
तेवढ्यातही.
लाज वाटली.

पैसे किती लागले ते नरसूबाईला
मी अजून पुरतं सांगितलेलं नाही.
ती विचारत नाही,
म्हणजे तिला ठाऊक आहे.

दहा दिवस गळ्यात नरसाळं घालून कांडी
मागाच्या पायांवर आपटत फिरली.
धोटा पुढं चालायचा, थांबायचा, वळून बघायचा.
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
टाके काढायला गेलो तेव्हा त्यालाही नेलं,
पिसाळीची सुई राहिलीच होती दोन वर्षं.
सुई टोचली तरी तो शेपूट हलवत होता.
कांडीनं मात्र डॉक्टरांचा हात फाडला.

आता माग बंद झाला की मी गुडघ्यांवर.
टोकं, गाठी, लोंबते धागे वेचतो,
शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात टाकतो,
झाकण घट्ट.
धोट्याला वाटतं खेळ आहे, कान चाटतो.
चिलवेरी दारातून हसतो:
मेडपट्टी नीट ओढली नाहीस कधी,
फरशी बघ कशी झाडतोय.

काल कांडीनं तयार मालावर अंग ताणलं
आणि नखानं एक फेरा वर आला.
हात गेला, अर्ध्यात थांबला.
म्हटलं, कात्री दे.
नरसूबाई कांडी भरत होती, मान वर न करता म्हणाली,
"टॉवेलला कुठं आतडं असतंय? ओढा की."

मी कात्रीच घेतली.