वाव

कालिम्नोस बेटावर दोर अंगाने मोजत.
दोन्ही हात पसरले की एक वाव,
पुन्हा पसरले की दोन.
साकेलारिसच्या शर्टावर म्हणूनच
छातीपाशी आडवी ओली रेघ असे, बारा महिने.
त्याला पोहता येत नव्हतं.
तो होडीच्या काठाशी उभा,
आणि दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून
माझे वडील खाली, स्पंजांच्या रानात.

थेमेलिस म्हणजे चाळीस वाव, असं लोक म्हणत.
बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात
त्यांच्या गोष्टीतला समुद्र
दर ईस्टरला आणखी दोन वाव खोल होई.
उथळ पाण्याचा खळखळाट
मुलींना फार उशिरा ऐकू येतो.

मग तो सप्टेंबर.
ते वर आले, पाय तळाशी विसरून आल्यासारखे.
गाव म्हणालं, साकेलारिसने घाई केली,
भसाभसा ओढला दोर.
आईने त्याच्या तोंडावर दार लावलं.
तो काही बोलला नाही.
शनिवारी उंबऱ्यावर बदामांची पिशवी.
त्यानंतर एकतीस वर्षं, दर शनिवारी.
आम्ही ते बदाम शेळीला घालत असू.

परवा वडील भिंतीकडे तोंड करून म्हणाले,
"खाली काहीच नव्हतं गं, सेवस्ती.
मोठा मासा नाही, अडकलेली नळी नाही.
नुसतं निळं, सगळीकडून निळं,
आणि मी घाबरलो.
तीन हिसके म्हणजे ओढ, असेल तसा ओढ.
मीच दिले."

मी चढण चढून त्याच्याकडे गेले.
एकच खोली. खाट, स्टोव्ह,
खुंटीवर वेटोळं करून तोच दोर.
आमचं सगळं घर मावेल एवढी
खोली त्या खोलीला होती,
मी मात्र दारातच उभी.
"का नाही सांगितलंत?"
तो बदाम फोडत राहिला.
"दोर जे सांगतो
ते दोरवाल्याने बोलायचं नसतं."

समुद्राचं एक बरं असतं.
शिसं तळाला टेकतं, दोर सैल पडतो,
आकडा वहीत लिहिता येतो.
इथे दुसऱ्याची भीती पोटात घालून
एक म्हातारा टरफलं गोळा करत होता,
आणि माझ्या हातातला दोर
अजून सुटतच होता.

निघताना त्याने पिशवी पुढे केली.
शनिवार होता, माझ्या लक्षातच नव्हतं.
वाटेत एक बदाम खाल्ला, पहिल्यांदाच.
कडू निघाला.
दुसरा घेतला.