पार्सलमध्ये तिखट नको

मिरजेत आमच्या हॉटेलासमोर तीन दवाखाने,
शेजारी दोन मेडिकल, कोपऱ्यावर लॅब.
त्यामुळं आमच्याकडं वाढदिवस कमी.
केक कापायला लोक सांगलीला जातात, विश्रामबागेत,
तिथं मेनूकार्डाला जाड पुठ्ठ्याचं कव्हर असतं
आणि पाणी विचारून देतात, साधं की बाटली.

आमचं कार्ड लॅमिनेशनचं, कोपरे सुटलेलं.
लोक ते उजवीकडून वाचतात. आधी आकडा,
मग आकड्यावरून बोट सरकवत
डावीकडं पदार्थापाशी येतात.
बोट बहुतेकदा अख्ख्या मसुरावर थांबतं.
पनीरवर थांबलं, तर समजायचं
रिपोर्ट चांगला आलाय.

माझं नाव रावसाहेब.
हाक येते, "ए, पाणी!"

चौदा वर्षं झाली, बघून बघून कळतं.
एक्स-रेचं पाकीट खुर्चीवर ठेवतो तो पहिल्यांदा आलाय,
मांडीवर धरून जेवतो तो दुसऱ्यांदा.
हात धुऊन आलेला माणूस पुन्हा धुवायला गेला
तर त्याच्यामागं जायचं नाही.
बेसिनच्या नळाचा आवाज मोठा आहे, बरं आहे.
कांदा परत मागणारा आज झोपणार.
आणि कुणाला काय झालंय, हे विचारायचं नाही.
सातगोंडा अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
"आपण भाजी विचारायची. बाकीचं डॉक्टर विचारतोय."

ती कागवाडकडची. टेबल चार, भिंतीला टेकून.
पिशवीत थर्मास, पदराच्या गाठीत वॉर्डाचा पास.
रोज एक राईसप्लेट, आणि पार्सल मऊ भात.
"पार्सलमदी तिखट नको री."
तिसऱ्या दिवसापासून मला पाठ होतं,
तरी रोज सांगायची,
जसं काही वरचा सगळा मजला
त्या एका वाक्यावर उभा आहे.
आत मल्लू आचारी तिचा भात वेगळा टाकायचा,
पळीनं घोटायचा, शिव्या देत देत,
आणि वर तूप सोडायचा, बिलात न येणारं.

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी साडेनऊला आली. थर्मास नव्हता.
मी डबा उघडून, आत कागद घालून तयार.
"आज पार्सल नको," म्हणाली.
मग मिठाची वाटी उगाच सरकवत,
"सुटले ते."

हा शब्द लई वाईट आहे मराठीत.
शाळा सुटते, एसटी सुटते, पोट सुटतं,
मेनूकार्डाचे कोपरे सुटतात,
आणि दवाखान्यातून माणूस दोन दारांनी सुटतो.
एक दार रिक्षा स्टॉपकडं उघडतं,
एक मागच्या बोळात.
कुठलं दार, ते मी तिच्या तोंडावर शोधलं.
तोंडावर फक्त भूक होती.

तिनं दोन चपात्या जादा घेतल्या.
खर्डा मागितला, पहिल्यांदाच.
घाम आला, नाक ओढलं, डोळ्यांतनं पाणी आलं.
आमच्या खर्ड्यानं कलेक्टरच्याही येईल.
मी न सांगता जग ठेवला आणि बाजूला झालो.

जाताना ताटाखाली वीसची नोट.
"ऊटा छलो इत्तु," म्हणाली,
बारा दिवस माझ्याशी मराठी बोलणारी बाई.
ती डावीकडं वळते का उजवीकडं, बघणार होतो,
तेवढ्यात टेबल नऊ ओरडलं.

रात्री बाराला शटर अर्धं ओढून आम्ही जेवतो.
मल्लूनं तिचा भात सवयीनं टाकलेला.
"आता ह्याचं काय करू?"
मी ताट पुढं केलं.
टेबल चारला बसलो, भिंतीला टेकून.
भिंत त्या एका जागी गुळगुळीत झाली आहे,
तेलकट, डोक्याच्या उंचीला.
भात गरम, पांढरा, दात नसलेल्यांचा.
मिठाकडं हात गेला होता.

मल्लू दारात येऊन उभा, खांद्यावर फडकं.
"कसा झालाय रं?
पेशंटचा भात कसा झाला, हे आजवर
खाली येऊन कुणी सांगितलंच नाही."

"मीठ बरोबर आहे," म्हणालो.