अठरा विसा

नगरपालिकेच्या हॉलात, निपाणीत,
शाल खांद्यावर थांबेना,
नारळ कुठल्या हातात धरावा कळेना,
आणि माईकपुढे कुरणे सर म्हणाले,
‘घरी अठरा विश्वे दारिद्र्य.
अशा चिखलातून उगवलेलं हे कमळ...’
टाळ्या.

कमळ म्हणजे मी. बारावी, तालुक्यात तिसरी.
चिखल चौथ्या रांगेत बसला होता,
खिडकीकडच्या खुर्चीवर,
बोटांना जर्द्याचा वास,
अंगात शेजारणीचं इस्त्रीचं जंपर.

जवळ निंगव्वा, चिकोडीकडची,
दोघी एकाच कारखान्याच्या बिड्या वळतात.
तिनं कोपरानं ढोसलं, ‘एन हेळ्तार?’
आई म्हणाली, ‘बडतन.’
‘यारदू?’
‘नम्मदू.’
आणि दोघींनी पदर तोंडाला लावला.
मला स्टेजवरून एवढंच दिसलं
की आई हसते आहे.
मी समजले, कौतुकानं.

रात्री सूप मांडीवर घेऊन तिनं विचारलं,
‘अठरा विश्वे म्हंजे किती गं?’
मी सांगितलं, कुणी म्हणतं अठरा विसा,
अठरा वेळा वीस, म्हणजे वर्षभर, रोजच्या रोज.
आईला अक्षर येत नाही, विसा येतात.
अंडी, शेणी, उसनवारी, सगळं तिचं विसांत.
ओठ हलले. ‘तीनशे साठ.
आन् वर्साचं दिस?’
‘तीनशे पासष्ट.’
‘मग मास्तर पाच दिस चुकला.’

मी पुढचं सांगितलं, जरा शहाणपणानं:
विसवा म्हणजे विसावा हिस्सा, असंही म्हणतात.
विसातले अठरा. म्हणजे जवळजवळ पूर्ण.
‘विसातलं दोन ऱ्हातंय व्हय?
तेवढं तर चेकर छाट म्हणून काढतोय,
आन् छाट बिडी बी कोणतरी ओढतंयच की.’

तेव्हापासून मी कान देऊन ऐकते.
हा शब्द कुणी स्वतःच्या घरात बसून म्हणत नाही.
सत्काराला म्हणतात, शोकसभेला म्हणतात,
सोयरीक बघून परतताना
बसमध्ये, आवाज उतरवून म्हणतात.
चुलीपाशी म्हणायचं असतं ते वेगळं:
जोंधळं सरलं बघ.
किंवा नुसतं डब्याचं झाकण
परत लावल्याचा आवाज.
कचेरीतल्या फॉर्मवर तर कानडीत एक चौकोन असतो,
वार्षिक आदाय.
त्यात आकडा बसतो. विसवे बसत नाहीत.

‘आमच्या घरात व्हतं म्हणं,’ आई म्हणाली,
‘कुरणे मास्तर कवा आलता बघाय?
आला असता तर च्या तरी दिला असता.’

मग कात्री थांबवून तिनं
चुकलेले पाच दिवस शोधायला घेतले.
आण्णू झाला तवा दवाखान्यात
नर्सबाईनं गादीवर निजवलं, पाठ म्हणून अशी टेकली न्हवती.
हजारी वाढली त्या सांजचं
सगळ्यांस्नी भजी, कागदासकट, निंगव्वाच्या पोरांस्नी बी.
कानडी शाळंच्या मैदानात तू सायकल शिकलीस,
पडशील पडशील म्हणत मी मागनं पळत व्हते, पडलीच न्हाईस.
‘तीन झालं.
आन् आजचा.’
जरा थांबली.
‘आजचा अर्धाच धर.
अर्धा मास्तरनं न्हेला.’

माझ्या घशात नारळ.
साडेतीन, मी म्हणाले. उरला दीड.

तिनं ओलं पान सरळ केलं,
पत्र्याचा फर्मा त्यावर ठेवला,
अंगठ्यानं दाबला.
दिव्याखाली तिचा चेहरा
क्षणभर माझ्या ओळखीचा नव्हता,
कुठल्याशा दिवसात जाऊन आलेला, मी नसलेल्या.

‘त्यो माझा हाय,’ म्हणाली.
‘उजेडातनं सर.’