डोमाजींची जागा

कात्र्या दोन, लेकरं एकोणीस,
म्हणून ठरलं, कागद फाडायचा.
फाडलेल्या कडेला पांढरं सूत निघतं,
कापलेल्या कडेला नाही,
हे मला सुमेधनं दाखवलं.
बारा वर्षं शिकवतेय. माहीत नव्हतं.

उद्या चंपाषष्ठी.
चार महिने वर्ज्य असलेलं वांगं ताटात येणार,
शाळेच्या पटांगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजणार,
आणि यंदा गाव पहिल्यांदा टेबलावर जेवणार,
टेबल म्हणजे शाळेला नवे आलेले बेंच,
एकाला एक लावून
हापशीपासून झेंड्याच्या चबुतऱ्यापर्यंत.
कल्पना लेकरांची.
"टीव्हीत असंच असते मॅडम. मधात फुलं रायतात."

फुलं बियाण्याच्या पोस्टरची झाली.
त्यावरच्या बोंडाएवढं बोंड
आमच्या शिवारात कुणी पाहिलेलं नाही,
पण पाकळ्या जमल्या, चकचकीत, जरा हिरवट.
लग्नपत्रिकांचे द्रोण, मिठासाठी,
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'
बाहेरून वाचता येईल असे.
जुन्या कॅलेंडरच्या झिरमिळ्या:
एकादशी वाऱ्यावर, अमावस्या बेंचाला चिकटलेली.
खळ ज्वारीच्या पिठाची.
लावण्यनं बोटं चाटली, दोनदा.

मी म्हटलं, प्रत्येकाच्या जागेवर
नावाची चिठ्ठी ठेवू.
गुंजन आत्राम उठली.
"मॅडम, निम्म्याइले वाचता कुठं येते?"
बाहेर एक कोंबडी बोलली, आत कुणी नाही.
"मंग चित्रं काढू," गुंजनच म्हणाली,
आणि मला न विचारता रंगखडू वाटले.

तेव्हा कळलं, ही लेकरं दिवसभर काय बघत असतात.
पंचफुलाबाईला चष्मा, एका काडीच्या जागी दोरा.
किराणावाल्याला उधारीची वही, मिटलेली.
सरपंचबाईंना मोटारसायकलची मागची सीट.
मला काय काढलं, ते मी विचारलं नाही.

डोमाजी कुमरेंना गुंजननं काढला हात.
मोठा, पिवळा, तीन बोटांचा.

मी तो उचलला, ठेवला, परत उचलला.
जिनिंगच्या पट्ट्यात गेलेली ती दोन बोटं
गावात कुणी मोठ्यानं मोजत नाही.
तो हात उपरण्यातच असतो, फोटोतसुद्धा.
"दुसरं काही काढूया का? त्यांची बकरी?"
"बकरी तर सगळ्याइची असते," गुंजन म्हणाली,
"हा हात त्याइचाच हाय."

जाताना चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली.
सकाळी बेंचावर ठेवून आले.
मधली रात्र सांगण्यासारखी नाही.

चिठ्ठ्या लेकरांनी मांडल्या, रंग जुळतील तशा,
पिवळ्याशेजारी निळा, निळ्याशेजारी पुन्हा पिवळा.
दुपारी गाव आलं. गुडघे बेंचाखाली मावेनात,
म्हातारे सरळ वरच चढून मांडी घालून बसले.
आपलं चित्र शोधण्याच्या नादात
शेजारी कोण, ते बघायचं राहून गेलं.
काहींच्या ध्यानात आलं,
तोवर भाजी वाढून झाली होती.

डोमाजी ओळीतून दोनदा गेले.
तिसऱ्यांदा थांबले.
उपरण्यातून हात काढला, कागदाशेजारी ठेवला,
चपलेचं माप बघतात तसा.
आम्ही वाढपी जिथल्या तिथे, पळ्या हातात.
"अंगठा चुकला वं पोरी," म्हणाले,
"माह्या अंगठ्याले नख नाई."

गुंजन धावत आली.
रंगखडू खोडरबरानं निघेना,
तर नखानं ते नख खरवडत बसली.
डोमाजी हात पसरून तसेच,
रोडगा गार होत असलेला.

संध्याकाळी बकऱ्यांनी झिरमिळ्या खाल्ल्या,
श्रावण आधी. सरपंचबाईंनी मागची सीट
घडी घालून कमरेला खोचली, नवऱ्याला न दाखवता.
माझी चिठ्ठी मला शेवटपर्यंत सापडली नाही.
गुंजन म्हणते, काढली होती, मॅडम,
तुम्हीच तिच्यावर भाजीचं पातेलं ठेवलं.