पापुद्रे

पेइप्सी तळ्याकाठी कांदा उंच वाफ्यांत लावतात,
चिकोरीच्या सोबतीनं,
आणि ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला माळा टांगून बसतात.
सव्वा कुझ्मिच तिथला.
पोराचा पाय गुडघ्याखाली ठणकायचा, रात्री जास्त,
तर त्यानं चार महिने बदकाची चरबी चोळली.
मग तार्तूला आणलं.

एक्स-रे दिव्यावर धरून डॉक्टरीणबाई सांगू लागल्या:
हाडावर नव्या हाडाचे थर चढलेत, एकावर एक,
याला आम्ही म्हणतो कांद्याच्या
आणि तिथंच थांबल्या.
सव्वा आपल्या नखांतली माती बघत होता.
"कांद्याचं मला कळतं," तो म्हणाला. "पुढं सांगा."

पुढचं हेल्वेच्या काचपट्टीवर होतं.
नोव्हेंबर, साडेतीनलाच अंधार,
सूक्ष्मदर्शकातून ती मोजत बसलेली.
निळ्या गर्दीत तपकिरी ठिपके: भक्षक पेशी.
एका चौकटीत चाळीस. शेजारच्या चौकटीत साठ.
हा तपकिरी तिच्या ओळखीचा.
सव्वाच्या गावात ईस्टरची अंडी
कांद्याच्या सालींत उकळतात, तेव्हा असाच चढतो.

या पेशी परक्या नाहीत.
याच हाडांच्या मगजात जन्मल्या,
जे आपलं नाही ते गिळायचं, एवढंच शिकून निघाल्या.
गाठीपाशी पोचल्या आणि त्यांना वाटलं, जखम आहे.
मग जखमेचं जे करतात ते केलं.
रक्ताच्या नव्या वाटा ओढून आणल्या,
घट्ट होतं ते सैल केलं,
मागून धावत आलेल्या लढवय्यांना म्हणाल्या,
झालं, झालं, आता शांत व्हा.
आणि त्या सैल जागेतून, त्यांचंच बोट धरून,
एक पेशी रक्तात उतरली
फुप्फुसाच्या दिशेनं.

कुंपणानंच शेत खाल्लं, म्हणायला सोपं.
कुंपणाला मात्र वाटत होतं,
आपण शेताला पाणी देतोय.

बरं, तेही नेहमी खरं नाही.
व्होरूच्या त्या मुलीच्या पट्टीवर
याहून दाट तपकिरी होता, हेल्वेला आठवतं.
सहा वर्षं झाली, तिची फुप्फुसं स्वच्छ,
गेल्या उन्हाळ्यात तिनं लग्नाचा फोटो पाठवला.
त्याच पेशी, त्याच दाराशी,
पण तिथं त्या कुणाला बाहेर पडू देत नव्हत्या.
का, ते हेल्वेला सांगता येत नाही.
रंग सांगतो, दाराशी कोण उभं आहे.
काय बोलतंय, ते सांगत नाही.

अहवालात ती लिहिते: भक्षक पेशी, विपुल.
आपल्या की फितूर, असा रकाना त्या फॉर्मात नाही.

सव्वा.
माझ्या भाषेत हा माणूस नाही, आकडा आहे,
एकाहून पाव जास्त,
देवापुढं ठेवायचा,
पुरं झाल्यावरही थोडं हातात उरावं म्हणून.
हेल्वेला हे ठाऊक नाही. त्यालाही नाही.
तो खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलाय,
मागच्या सीटवर लुक्यान, पाय आडवा टाकून झोपलेला.
फुप्फुसांचा स्कॅन सोमवारी.

काउंटरवर त्यानं एक माळ ठेवली होती,
नाव न लिहिता.
रात्री हेल्वेनं त्यातले दोन कांदे सोलले, सूप केलं.
साली मात्र टाकल्या नाहीत.
कागदी पिशवीत भरून फळीवर ठेवल्या,
एप्रिलसाठी.