काळी चारच्या जरा खाली

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना
बर्फाच्या कारखान्यामागे तिचं घर.
दारावर पाटी : येथे फ्रॉक शिवून मिळतील.
गाण्याचं पाटीवर काही नाही.

मी दशावतारातला पेटीवाला.
रात्रभर राजे-राक्षस वाजवून
पहिल्या एसटीची वाट बघत बसलेलो,
पेटी मांडीवर, डोळ्यांत झोपेची वाळू,
तेवढ्यात भिंतीपलीकडून ट्रम्पेट.
मग लक्षात आलं, बाई आहे.
म्हणजे ट्रम्पेटही होता, टेपवर,
आणि बाई त्याच्या प्रत्येक सुरावर एकेक शब्द ठेवत चाललेली,
आमच्याकडे व्हाळ ओलांडतात तशी,
दगडावरून दगडावर,
पाऊल न भिजवता.

एर्मेलिंदा कार्दोज. वय तेव्हा एकसष्ट.
जाझ म्हणतात रे याला, ती म्हणाली, चहात आलं ठेचत.
मुंबईच्या हॉटेलात चौदा वर्षं गायली.
लोक जेवत होते.
रेकॉर्ड निघाली एकच. पाठीवर सगळ्या वाजवणाऱ्यांची नावं,
सामान उचलणाऱ्या पोराचंसुद्धा.
तिच्या नावातलं एक अक्षर छापखान्यानं खाल्लं.

मी विचारलं, तराण्यासारखं का हे?
उलटा रे, म्हणाली.
तुम्ही शब्द सोलून टाकता.
मी, ज्या सुरानं जन्मात कधी शब्द मागितला नाही
त्याच्या दारात नेऊन ठेवते.

ज्योकिमनं, तिच्या नवऱ्यानं,
एका शनिवारी सुचेल तसं वाजवलं
आणि सकाळी पाव खाताना विसरून गेला.
ती विसरली नाही.
दोन वर्षं टेप पुढे-मागे, पुढे-मागे,
शिलाईच्या मशीनवर वही.
एका गिरकीत अकरा सूर : अकराच अक्षरं हवीत,
जोडाक्षर नको, जिभेला तिथे ठेचकाळायला सवड नाही.
तिथे तिनं बंदरावरचा बाजार ओतला :
पेडवे तारले मोरी सुंगटां.
मी बोटांवर मोजली. अकरा.
आणि जिथे तो एका सुरावर नुसता उभा राहतो
दीपस्तंभाचा उजेड एक फेरी मारून येईपर्यंत,
तिथे एकच अक्षर : ये.
त्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

गावात कुणाला सांगितलं तर म्हणाले,
कोण, ती फ्रॉकवाली?

तिसऱ्या मिनिटाला ज्योकिमचा सूर फाटतो.
वर जायचं होतं, ओठ थकलेले, घाम असावा, हॉटेलात पंखे बंद,
काय असेल ते.
मला ऐकताक्षणी कळलं.
आमच्या राजाचा आवाज चिरकला की मी
शेजारची पट्टी दाबून झाकून टाकतो,
प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. पंचवीस वर्षांत
माझी कमाई म्हणाल तर हीच.
ती झाकत नव्हती.
तीही तिथे तेवढीच घसरत होती, मोजून,
केसभर जास्त नाही, केसभर कमी नाही,
आणि त्या फाटक्या सुरावर
तिनं ठेवला होता शब्द :
आसांदे.

एसटी गेली. दुसरी सव्वानऊला.
मी म्हटलं, परत एकदा.
तिनं टेप मागे घेतली, पेन्सिल घालून, वीज वाचवत.

आता ते घर बंद आहे.
पाटी आहे अजून, शिवून मिळतील, इतकं वाचता येतं.
मी तिचं ते सगळं बसवलं पेटीवर,
अकरा सूर, ये, सगळं.
फक्त तो एक बसत नाही.
काळी चारच्या जरा खाली कुठेतरी आहे,
पेटीत त्या जागी लाकूड आहे.

नाटक संपतं, माणसं चटया गुंडाळतात,
राजा आरशाशिवाय रंग पुसत बसतो,
तेव्हा मी दोन्ही पट्ट्या एकदम दाबून बघतो.
मृदंगवाला म्हणतो, पेटी बिघडली काय रे?